अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्यावरच का काढतात?

तुमचा प्रश्न असा आहे की अमेरिकेतील विद्यापीठे आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला अर्धा हंगाम शिल्लक असतानाच का काढतात, काढल्यावर त्याला कोट्यवधी डॉलर का देतात आणि त्याच्या जागी नवा माणूस कसा शोधतात. मी पेन स्टेट विद्यापीठाचा माजी विद्यार्थी असून तेव्हापासून हा खेळ नेमाने पाहत आलो आहे, त्यामुळे मुख्यतः तिथल्याच उदाहरणावरून उत्तर देतो. येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल.

जेम्स फ्रँकलिन हे बाराव्या हंगामात पेन स्टेटचे प्रशिक्षक होते आणि त्यांच्या नावावर 104 विजय व 45 पराभव होते. जानेवारी 2025 मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता, आणि त्याच वर्षीचा नवा हंगाम सुरू होताना देशात दुसऱ्या क्रमांकावर गणला जात होता. सप्टेंबरच्या अखेरीस ओरेगॉन विद्यापीठाने त्यांना जादा वेळेत हरवले. पुढच्याच शनिवारी, तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएने (लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठ) हरवले. आणि 11 ऑक्टोबरला घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नने 22-21 अशी अवघ्या एका गुणाने मात केली. मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, ड्र्यू अ‍ॅलर त्या सामन्यात जायबंदी होऊन उरलेल्या हंगामाला मुकला, आणि प्रेक्षकांतून फ्रँकलिन यांना काढून टाकण्याच्या घोषणा उठल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी, विद्यापीठाने त्यांना नारळ दिला. त्यानंतरच्या सलग तीन रविवारी फ्लोरिडा, एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) आणि ऑबर्न या विद्यापीठांनीही आपापल्या प्रशिक्षकांची उचलबांगडी केली.

या घाईचे कारण केवळ संताप नाही. शाळेतून कॉलेजात येणारे खेळाडू डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करारपत्रावर सह्या करतात, आणि एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीची यादी, म्हणजे ट्रान्सफर पोर्टल, त्यानंतर लवकरच उघडते. नोव्हेंबरअखेर हंगाम संपेपर्यंत थांबले, तर नव्या माणसाशी बोलणी करायला आठवडाभरही उरत नाही, आणि तोवर चांगली माणसे इतरांनी गाठलेली असतात. एकाने ऑक्टोबरमध्ये जागा रिकामी केली की बाकीच्यांना स्वस्थ बसणे परवडत नाही. माझ्या मते वेळापत्रकच मुळात चुकीचे आखलेले आहे, आणि ते बदलल्याशिवाय ही घाई कमी होणार नाही.

आता पैशांकडे वळतो, कारण खरी मेख तिथेच आहे. फ्रँकलिन यांना करार मुदतीआधी मोडून काढल्यावर विद्यापीठाकडून त्यांचे सुमारे 4 कोटी 90 लाख डॉलर येणे निघत होते. ही रक्कम नोव्हेंबर 2021 मध्ये केलेल्या दहा वर्षांच्या कराराने ठरली होती, आणि तो करार झाला तेव्हा यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) व एलएसयू या दोन मोठ्या विद्यापीठांतील जागा रिकाम्या होत्या व दोन्हींकडे फ्रँकलिन यांचे नाव घेतले जात होते. म्हणजे दुसरीकडे कोणाला तरी काढले, त्यातून आपला माणूस पळवला जाईल अशी भीती निर्माण झाली, आणि त्या भीतीपोटी पेन स्टेटने दीर्घ मुदतीची हमी लिहून दिली. हकालपट्टी आणि शोध या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. आजच्या शोधातच उद्याच्या हकालपट्टीची किंमत लिहिली जाते. 2025 मध्येही हेच घडले: पेन स्टेटची जागा रिकामी होऊन चार दिवस होत नाहीत तोच इंडियानाने आपले प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांना नवा, वाढीव करार दिला.

करारातील एका कलमाने किती फरक पडतो, हे पाहण्यासारखे आहे. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर 2023 मध्ये आपले प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढले, तेव्हा सुमारे 7 कोटी 60 लाख डॉलर देण्याची पाळी आली. फिशर यांनी दुसरीकडे नोकरी धरली तरी या रकमेतून एक डॉलरही वजा होणार नव्हता. फ्रँकलिन यांच्या बाबतीत मात्र नव्या नोकरीचे उत्पन्न वजा होण्याची तरतूद होती, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये व्हर्जिनिया टेकने त्यांना घेतल्यावर प्रकरण 90 लाख डॉलरवर मिटले. एलएसयूत तर काढलेले प्रशिक्षक ब्रायन केली यांच्या सुमारे 5 कोटी 40 लाख डॉलरवरून वाद कोर्टात गेला, राज्याच्या गव्हर्नरांनी उघडपणे हस्तक्षेप केला आणि क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड यांना पद सोडावे लागले. फिशर यांना 2017 मध्ये टेक्सस ए अँड एममध्ये आणणारे क्रीडा संचालकही हेच वुडवर्ड होते. लोक प्रशिक्षकांना लोभी म्हणतात, ते मला पटत नाही. समोरून कोणी अशी हमी देऊ केली तर ती कोण नाकारील? दोष सही करणाऱ्यांचा आहे. हा पैसा बहुतेक वेळा श्रीमंत देणगीदारांकडून उभा राहतो, आणि आयजीच्या जिवावर बायजी उदार व्हावी तसे हे करार केले जातात. त्याच 2025 पासून विद्यापीठांना आपल्या सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून ठराविक मर्यादेपर्यंतच पैसे वाटता येतात, आणि पहिल्या वर्षी ती सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती; ही मर्यादा या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी.

शोध कसा चालतो, तर बराचसा एजंटांमार्फत आणि पडद्याआड. जो प्रशिक्षक हवा असतो, तो बहुधा दुसऱ्या संघाचा हंगाम खेळवत असतो. एलएसयूने लेन किफिन यांना 30 नोव्हेंबरला घेतले, तेव्हा त्यांचा ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) संघ बारापैकी अकरा सामने जिंकून राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर उभा होता. स्पर्धा संपेपर्यंत आपणच संघ सांभाळावा अशी किफिन यांची इच्छा होती, पण ओल मिसने ती मान्य केली नाही, आणि माझ्या मते योग्यच केले.

पेन स्टेटचा शोध जवळजवळ आठ आठवडे रेंगाळला. बीवाययूचे (ब्रिगम यंग विद्यापीठ) प्रशिक्षक कलानी सिटाके येणार असे वाटत असताना ते आपल्या जागीच राहिले. 3 डिसेंबरला खेळाडूंच्या सह्यांचा दिवस उजाडला, तेव्हा पेन स्टेटकडे शाळेतून येणाऱ्या केवळ दोन मुलांनी सह्या केल्या. ज्यांनी पूर्वी शब्द दिला होता त्यांतील अनेक जण फ्रँकलिन यांच्यामागे व्हर्जिनिया टेकला गेले. ज्या घाईचे समर्थन खेळाडूंच्या भरतीसाठी केले जाते, त्या घाईने भरतीच बुडवली, याचे मला आजही वाईट वाटते. दोन दिवसांनी आयोवा स्टेटचे मॅट कॅम्पबेल यांची नेमणूक झाली, आणि क्वार्टरबॅक रोको बेक्ट यांच्यासह तिथले कितीतरी खेळाडू त्यांच्यापाठोपाठ पेन स्टेटला आले.

आयोवा स्टेटने कोणालाही काढले नव्हते. तरी त्यांना प्रशिक्षक शोधावा लागला, आणि त्यांनी वॉशिंग्टन स्टेटमधून जिमी रॉजर्स यांना आणले. रॉजर्स तिथे एकच हंगाम होते, कारण त्यांच्या आधीचे जेक डिकर्ट हेही वर्षभरापूर्वी वेक फॉरेस्टला निघून गेले होते. त्यामुळे वॉशिंग्टन स्टेटमध्ये टिकून राहिलेल्या मुलांना सुमारे वर्षभरात तिसऱ्या मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली नव्याने सुरुवात करावी लागली.