शिष्यवृत्तीचे पैसे आणि सुट्टीतली प्रयोगशाळा

प्रिय विद्यार्थिनी,

शिष्यवृत्ती मिळाली तर लॅपटॉप घेऊ की जॅमचा, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास लावू, असं विचारलंस. माझ्या मते दोन्ही थांबू दे. पैशासाठी संध्याकाळी ज्या शिकवण्या घेतेस, त्या आधी कमी कर. बीएस्सीला सगळ्यात जास्त लागतो तो मोकळा वेळ, आणि मुंबईत लोकलचा प्रवास वजा केला की तो फारसा उरत नाही.

केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला 80,000 रुपयांची आहे. त्यातले 60,000 हातात येतात, 20,000 उन्हाळी संशोधनासाठी असतात. मुलं पहिली रक्कम पक्की लक्षात ठेवतात, दुसरी विसरतात. खरं तर तुला कुणाच्या तरी प्रयोगशाळेत नेऊन बसवणार आहे ती ही दुसरीच. अट अशी, की बारावीला आपल्या बोर्डात पहिल्या 1 टक्क्यात असावं आणि मूलभूत विज्ञान शिकत असावं. यंदाची सूचना मात्र स्वतः वाच; मैत्रिणीच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नकोस. यात बसत नसशील तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती बघ. तिला घरच्या उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे.

अर्ज अडतात ते बहुतेक वेळा कागदांपायी. आधारवर वडिलांचं नाव आहे, मार्कशीटवर नाही. खातं आधारला जोडलंय म्हणून आपण निश्चिंत, पण डीबीटीचं सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे थेट कुठल्या खात्यात जायचे याची नोंद, भलत्याच जुन्या खात्याला, मग पैसे तिकडे जमा. उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या गर्दीत काढायला गेलं की सेतू केंद्रात रांग. तो आधीच काढून ठेव. आणि ‘सबमिट’ दाबलं म्हणजे झालं असं नाही. कॉलेजच्या ऑफिसने पडताळून पुढे पाठवेपर्यंत अर्ज तिथेच पडून असतो, त्यामुळे तिथल्या क्लार्कशी ओळख ठेव.

आता संशोधन. टीवायपर्यंत थांबू नकोस. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात 2004 पासून एनआययूएस हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा विज्ञान उपक्रम चालतो. आधी शिबिर, मग निवडलेल्यांना प्रकल्प. हार्बर लाइनवर आहे, तेव्हा लांबचं कारण चालणार नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात. तिचे अर्ज नोव्हेंबरच्या आसपास बंद होतात, म्हणजे ऐन सेमिस्टर परीक्षेच्या धामधुमीत. शिक्षकांचं शिफारसपत्र दिवाळीआधी मागून ठेव.

थेट शास्त्रज्ञांना लिहायचं असेल तर पाच-सहाच जण निवड. प्रत्येकाचा एक शोधनिबंध वाच, निदान आकृत्या नीट बघ, आणि त्यातली न कळलेली एक गोष्ट मेलमध्ये विचार. कुठली उपकरणं हाताळली आहेस, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत येशील, कॉलेजचं पत्र कोण देईल, एवढं लिही; सोबत गुणपत्रिका. दीडशे शब्दांत उरकतं. चाळीस जणांना एकच मेल, तोही सगळ्यांचे पत्ते दिसतील असा, आणि बाई शास्त्रज्ञांना ‘रिस्पेक्टेड सर’: हे उघडल्या उघडल्या डिलीट होतं. दहा दिवसांनी एक आठवण कर, मग सोडून दे.

प्रयोगशाळेत पहिल्यांदा मोडावी लागते ती रीडिंग जुळवायची सवय. कॉलेजच्या जर्नलमध्ये आलेख सरळ रेषेत यावा म्हणून मुलं उत्तरावरून उलटं गणित करतात. इथे ते चालत नाही. समज, द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर शोषण 2.6 आलं. शोषण 2 असतं तेव्हाच द्रावणातून फक्त 1 टक्का प्रकाश पार होतो, 2.6 ला त्याच्या चौथ्या हिश्शाइतका. एवढ्याशा उजेडावर यंत्राने दिलेला आकडा भरवशाचा नसतो. मग 1 मिली द्रावण घेऊन 10 मिलीपर्यंत पातळ करायचं, ब्लँक (तुलनेसाठीचा, पदार्थ न घातलेला नमुना) त्याच द्रावकाचा घ्यायचा आणि पुन्हा मोजायचं. वहीत मात्र 2.6 राहू दे. त्यावर एकच रेघ मार, शेजारी कारण लिही, तारीख आणि बाटलीचा लॉट नंबर टाक. खोडरबर घरी. सुट्या कागदावर ‘नंतर उतरवते’ म्हणून लिहिलेलं हमखास हरवतं.

पुढे पीएचडीला, परदेशी अर्जाला शिफारसपत्र लागतं तेव्हा ही वही कामाला येते. ‘हुशार आणि कष्टाळू’ असं पत्र सगळेच आणतात. तुझा प्रयोग तीनदा फसला तेव्हा तू काय तपासलंस, कुठल्या क्रमाने तपासलंस, हे ज्याने पाहिलंय त्याच्या पत्राला वजन असतं. आठ आठवड्यांत शोधनिबंधावर नाव लागायलाच हवं असा हट्ट धरू नकोस. क्वचितच लागतं, आणि पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांच्या मेलना तर उत्तरही देऊ नकोस.

नव्या चार वर्षांच्या रचनेत चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के लागतात. म्हणजे एफवायचे गुणही धरले जातात. गाईड कोण होणार हे पाचव्या सेमिस्टरलाच विचारून ठेव. प्रत्येकाकडे जागा मोजक्याच असतात.

सस्नेह आशीर्वाद.