कारागृहातल्या भावाला काय लिहावे?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एका पतसंस्थेत रोखपाल होता. अपहाराच्या आरोपावरून त्याला अटक झाली आणि गेले काही महिने तो येरवडा कारागृहात आहे. खटला अजून सुरू झालेला नाही. वडिलांची निवृत्तीची रक्कम त्याच पतसंस्थेत अडकली असून ते त्याचे नावही घरात काढू देत नाहीत. मी सासरी नागपूरला असते, त्यामुळे मुलाखतीला जाणे जमत नाही. पत्र लिहायला बसले की ‘तू असे का केलेस?’ यापलीकडे काही सुचत नाही आणि कागद फाडून टाकते. सासूबाईंना यातले काहीच ठाऊक नाही. कारागृहाचा शिक्का असलेले पाकीट घरी आले तर काय होईल, याचीही भीती वाटते. मी पत्र लिहावे का?

उत्तर : ताई, पत्र अवश्य लिहा; मात्र जो प्रश्न तुमच्या मनात सतत घोळतो आहे, नेमका तोच त्यात लिहू नका. तो विचारण्याचा तुम्हाला हक्क नाही असे मी मुळीच म्हणत नाही, कारण वडिलांची आयुष्यभराची पुंजी अडकलेल्या मुलीला राग येणार नाही तर काय होईल? परंतु बंद्यांची खासगी पत्रे कारागृहातले अधिकारी उघडून वाचतात, आणि तुमचा भाऊ अजून न्यायबंदी आहे, म्हणजे त्याच्यावरचा आरोप सिद्ध व्हायचा आहे. ‘का केलेस?’ या शब्दांत त्याने ते केले हे तुम्ही गृहीत धरता, आणि त्याने भावनेच्या भरात चार ओळींचे उत्तर लिहिले तर तो कागद पुढे कोणाच्या हाती जाईल याची खात्री कोणीही देऊ शकणार नाही. पैसे, हिशेबाच्या वह्या, सहकारी, साक्षीदार यांपैकी कशाचाही उल्लेख पत्रात नको; ते सारे त्याच्या वकिलांमार्फतच व्हावे. तुमचा राग तुम्ही त्याला एके दिवशी समोरासमोर सांगालच. तोवर ‘मी रागावले आहे, तरीही लिहिते आहे’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे, आणि ते खरेही आहे.

मग उरते काय, असे तुम्हाला वाटेल. उरते ते पुष्कळ आहे. आईचे गुडघे कसे आहेत, भाच्याची शाळा कशी चालली आहे, नागपुरात ऊन किती तापले आहे, शेजारच्या घरी कोणाचे लग्न ठरले, हे सविस्तर लिहा. ज्याचे दिवस हजेरी, जेवण आणि बराक यांत जातात त्याला असा मजकूर पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. उपदेश आणि ‘सगळे ठीक होईल’ हे आश्वासन मात्र टाळा, कारण ते तुमच्या हातात नाही आणि हे त्यालाही कळते. वडिलांच्या वतीने काहीही लिहू नका. त्यांचा अबोला त्यांनीच सोडायचा आहे.

पाकिटावर त्याचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, बंदी क्रमांक ठाऊक असल्यास तो, आणि ‘मार्फत अधीक्षक, येरवडा मध्यवर्ती कारागृह, पुणे ४११००६’ असे स्वच्छ अक्षरांत लिहा. पन्नास पैशांचे पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शकतो, म्हणून आंतरदेशीय पत्र किंवा बंद पाकीट बरे. आत नोटा मुळीच घालू नका. पैसे पाठवायचे असतील तर मनीऑर्डर आहे, ती त्याच्या खात्यावर जमा होते आणि त्यातून त्याला कँटीनमधल्या वस्तू घेता येतात. प्रत्येक पत्रावर तारीख आणि क्रमांक घाला, म्हणजे एखादे गहाळ झाले तर दोघांनाही कळेल.

त्यालाही उत्तर लिहिता येते. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध, म्हणजे खटला न चालवता कैदेत ठेवलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी तिथे अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिले आणि ते छापण्यासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी सरकारने नाकारली, तेव्हा १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने संझगिरी यांच्या बाजूने निकाल दिला. ते प्रकरण स्थानबद्धतेचे होते आणि पत्रांची तपासणी त्याने थांबलेली नाही, हे खरे. तरीही कैदेत गेलेल्या माणसाचे लिहिणे सरकारला मनमानीने अडवता येत नाही, एवढे त्यातून दिसते.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. मैत्रिणीचा पत्ता देऊन पत्रे मागवण्याचा मार्ग मला पटत नाही, कारण असे लपवलेले कधी ना कधी उघड होते आणि मग भावाच्या आरोपापेक्षा तुमची लपवाछपवीच घरात मोठी ठरते. आधी यजमानांशी बोला आणि दोघांनी मिळून सासूबाईंना सांगा, तेही पोस्टमन दारात येण्यापूर्वी. त्या नाराज होतील, कदाचित काही दिवस बोलणारही नाहीत; तेवढे सोसावे लागेल.

पहिले पत्र याच आठवड्यात टाका, आणि त्याचे उत्तर उशिरा आले किंवा आलेच नाही, तरी दुसरे थांबवू नका. महिना-दोन महिने काहीच कळले नाही, तर त्याला दुसऱ्या कारागृहात हलवले आहे का, हे वकिलांना विचारा.