नव्या ब्रिजची चमक उतरवताना

तुमचा प्रश्न असा आहे: फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर (थोडक्यात टेली) घडणीची इलेक्ट्रिक गिटार, बॉडीचा पिवळसर रंग छान मुरलेला, पण ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा भाग), कंट्रोल प्लेट (नॉब-स्विचची पट्टी) आणि ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) नवेकोरे, आरशासारखे. ते जुने दिसावेत म्हणून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले तर चालेल का?

बुडवू नका. बुडवलेला भाग सगळीकडून सारखा काळवंडतो, आणि खरी जुनी गिटार कधीच सगळीकडून सारखी जुनी होत नाही. मी गेली पंधराएक वर्षं माहीमला घराच्या गॅलरीत बसून स्वतःच्या आणि मित्रांच्या गिटारवर हे काम करतोय. या एका गोष्टीवर माझे सगळ्यात जास्त पार्ट वाया गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी लोहचुंबक घ्या, फ्रिजवरचा चालेल. टेलीची ब्रिज प्लेट बहुधा स्टीलच्या पत्र्याची असते, तिला तो टपकन चिकटेल. ब्रिजवर तारा ज्यांवर टेकतात ते छोटे तुकडे म्हणजे सॅडल; नळीसारखी तीन सॅडल असतील तर ती पितळेची असण्याची शक्यता जास्त. स्वस्त सेटमधले जाड, ओतीव भाग मात्र जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, आणि चुंबक पितळेला धरत नाही तसा जस्तालाही धरत नाही. म्हणून खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी कानशीने एक बारीक रेघ मारा. पिवळी दिसली तर पितळ, राखाडी दिसली तर जस्त. हे कळणं फार महत्त्वाचं, कारण वरचा मुलामा एकच असला तरी खालचा धातू आपापल्या स्वभावाने म्हातारा होतो. स्टीलवर तांबूस गंज चढतो. पितळ आधी तपकिरी पडतं, मग खाचांमध्ये हिरवट कळंक धरतं. जस्तावर पांढरी भुकटी येते आणि खड्डे पडतात. त्याला जुनेपणाची शोभा येत नाही, तो भाग नुसता खराब दिसतो. जस्ताचा ब्रिज असेल तर त्यावर मेहनत करू नका, स्टील-पितळेचा घ्या.

दुसरी पारख मुलाम्याची, क्रोम की निकेल. बाथरूमचा नवा नळ असतो ना, ती निळसर, थंड झाक क्रोमची. निकेल उबदार, किंचित पिवळसर पांढरं असतं. घरात कुणाच्या डब्यात १९६०च्या दशकातला जुना रुपया असेल तर तो काढा, तो निकेलचाच आहे. तो पार्टच्या शेजारी ठेवला की फरक लगेच डोळ्यात भरतो. क्रोम हवेने काळवंडत नाही. खरं तर क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो आणि त्याच्या खाली निकेलच असतं, पण तो पातळ थर चिवट आहे. तो पॉलिश पेपरने काढायला गेलात तर ओरखडे तेवढे येतात, जुनेपण येत नाही. कॉस्टिक सोड्यात वीज सोडून क्रोम उतरवायचे व्हिडिओ दिसतात. ते घरी अजिबात करू नका, त्यात क्रोमियमचं अतिशय विषारी रूप पाण्यात उतरतं. तुमचे पार्ट क्रोमचे निघाले तर सरळ निकेलचा सेट मागवा. ऐतिहासिकदृष्ट्याही ते बरं: गिब्सनसारख्या कंपनीने १९६५च्या सुमारास निकेल सोडून क्रोम धरलं, त्यामुळे १९५०च्या दशकातल्या गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर क्रोमचा 'जुना' ब्रिज बसवला तर जाणकार लांबूनच ओळखतो.

आता तो जुना रुपया हातात आहेच, तर तो नीट बघा. उंचवट्यांवर, कडेवर हात लागून लागून तो गुळगुळीत आणि उजळ झालाय. अक्षरांच्या कोपऱ्यांत, कडेच्या आतल्या बाजूला काळपट धरलंय. चाळीतल्या जुन्या दाराची पितळी कडी अशीच असते, बोटं जातात तिथे सोन्यासारखी आणि कोयंड्यापाशी काळी. तुम्हाला ब्रिजवर नेमकं हेच करायचंय. काळेपणा खाचांत, उजळपणा हाताखाली. नुसत्या रसायनाने हे कधीच साधत नाही, ते सगळ्याला सारखंच खातं.

म्हणून काम सुरू करण्याआधी दोन-तीन दिवस गिटार नेहमीसारखी वाजवा आणि हात कुठे टेकतो ते बघा. तळव्याची कड ब्रिज प्लेटच्या मागच्या काठावर आणि जाड तारांच्या सॅडलवर विसावते. करंगळी आवाजाच्या नॉबला घासते. स्विचच्या आसपास बोटांच्या पेरांचा घाम लागतो. ट्यूनरच्या पानांवर दोन्ही बाजूंनी चिमटीची जागा असते. या जागा मार्करने कागदावर काढून ठेवा. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाहरची १९६१ची स्ट्रॅटोकास्टर (फेंडरचीच दुसरी घडण) बघा, तिचा रंग जवळजवळ सगळा गेलाय, पण तो गेलाय हाताच्या आणि घामाच्या वाटेने. म्हणूनच ती इतकी खरी दिसते.

गिटार कशी जगली हेही मनाशी ठरवा. फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५ मध्ये मुद्दाम झिजवलेल्या 'रेलिक' गिटार बाजारात आणल्या, आणि पुढे त्यांनीच 'क्लोजेट क्लासिक' असा प्रकार केला, म्हणजे कपाटात राहून जुनी झालेली. ही विभागणी खरंच कामाची आहे. कपाटातल्या गिटारचा मुलामा मंद, धुरकट होतो पण झिजत नाही. स्टेजवरच्या गिटारचा हाताखाली झिजतो. तुमच्या बॉडीचा रंग नुसता पिवळा पडलाय, खरवडलेला नाही असं म्हणता, तर हार्डवेअरही, म्हणजे हे धातूचे भागही, कपाटातलंच शोभेल. झिजलेला ब्रिज आणि अखंड बॉडी ही जोडी डोळ्याला खुपते.

आता प्रत्यक्ष काम. पहिला टप्पा झिजवण्याचा, रसायनाचा नंतर. नवा पार्ट धारदार असतो, त्या कडा आधी मोडा. ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून मागच्या काठावर आणि सॅडलच्या माथ्यावर फिरवा, मग १००० चा. ओलाच वापरा, निकेलची धूळ नाकात आणि त्वचेवर जाऊ देऊ नका, पुष्कळांना तिची ॲलर्जी असते. एकाच दिशेने घासू नका, हात असाच कुठेही फिरतो. छोट्या भागांसाठी मी प्लास्टिकच्या बरणीत मूठभर जुने स्क्रू आणि थोडा लाकडाचा भुसा घालून त्यात ते पार्ट हलवतो. पाच मिनिटांत अंगभर बारीक टोले बसतात, पेपरने असे टोले कधी येत नाहीत.

झिजवून झालं की पार्ट भांड्याच्या साबणाने धुवा. बोटांचं तेल राहिलं तर तिथे रसायन धरत नाही आणि बोटांचे ठसे उमटतात.

मग व्हिनेगर, पण वाफेचं. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी वाटीत किराण्याच्या दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर ठेवा, त्यात चमचाभर मीठ. पार्ट त्याला लागणार नाहीत असे वर दोऱ्याने टांगा. मी टांगण्याआधी त्यांच्यावर मीठ घातलेल्या व्हिनेगरचा हलका बोळा फिरवतो, तोही खाचांतच. झाकण लावून सावलीत ठेवा आणि दर सहा तासांनी बघा. साधारण एका दिवसात निकेल मंद पडतं, दोन दिवसांत खाचांत राखाडी-हिरवट छटा येते. मीठ यात महत्त्वाचं. निकेलच्या थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यांतून क्लोराइड खालच्या धातूपर्यंत पोचतं. समुद्राकाठी गिटार लवकर का म्हातारी होते, त्याचं कारण हेच.

पितळी सॅडलला जास्त गडद तपकिरी हवा असेल तर फेरिक क्लोराइड. लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट बोर्ड खोदायला मिळतं तेच. पाण्यात चांगलं पातळ करून, जुन्या रंगाच्या ब्रशने, फक्त खाचांत, आणि एकेक मिनिट मोजून. त्याचे पिवळे-तपकिरी डाग फरशीवरून, कपड्यावरून निघत नाहीत, आणि स्टीलच्या सिंकला ते खातं. उरलेलं मोरीत ओतू नका. बाटलीत भरून ठेवा, पुन्हा वापरता येतं.

ॲसिडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शोधायला लागलात की ते सुचवणारे शंभर भेटतील. मी एकदा केलं होतं. संडास धुण्याचं ॲसिड वाटीत ठेवून, डबा बंद करून, खोलीच्या कोपऱ्यात रात्रभर ठेवला. डबा पुरता बंद नव्हता. सकाळी ब्रिज काळा झाला होता, त्याच्या मागे भिंतीवर टांगलेल्या कानशी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर सगळ्यांवर नारिंगी गंज चढला होता, आणि शेजारच्या खुंटीवरच्या दुसऱ्या गिटारच्या तारा खरखरीत झाल्या होत्या. ती गिटार माझ्या काकांची होती. ते तेव्हा हयात होते. त्यांनी काही म्हटलं नाही, पण त्यांनी तारांवरून बोट फिरवून ते बोट बघितलं, ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून घरात ॲसिड नाही. ती वाफ फुप्फुसालाही तशीच खाते, कापडी मास्क तिला अडवत नाही. आणि ते चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो, लहान मोरीत तो जिवावर बेतू शकतो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ॲसिड विकताना नोंदवही आणि ओळखपत्र लागतं, ते उगीच नाही.

व्हिनेगरचं काम गॅलरीत किंवा गच्चीवर, हातमोजे आणि चष्मा घालूनच. बाकीच्या गिटार आणि हत्यारं दुसऱ्या खोलीत.

मनासारखा रंग आला की थांबवणं तितकंच जरुरी. लोक इथेच घाई करतात. नळाखाली धुऊन भागत नाही, खाचांत आम्ल राहतं आणि महिन्याभराने गिटारवर बसवलेला भाग आपोआप हिरवा व्हायला लागतो. पाण्यात खाण्याचा सोडा घाला आणि पार्ट पंधरा-वीस मिनिटं त्यात ठेवा. मग साध्या पाण्याने दोनदा धुवा, केस वाळवायच्या ड्रायरने कोरडे करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून पुसून घ्या. मग जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने कागदावर काढलेल्या त्या जागा घासा. हाताखालची चमक परत येते, खाच काळीच राहते. सगळ्या कामात मला सगळ्यात आवडणारी हीच पाच मिनिटं आहेत. चिंच किंवा पितांबरी मात्र लावू नका, दोन दिवसांची मेहनत दोन मिनिटांत धुऊन जाईल.

ट्यूनर डब्यात अख्खे टांगू नका. आत दात्याचं चाक आणि ग्रीस असतं, एकदा तिथे गंज शिरला की सूर धरत नाही. त्यांची पानं आणि वरचे वॉशर सुटे होत असतील तर तेवढेच करा, नाहीतर बोळ्यानेच. पिकअपला, म्हणजे तारांखालच्या आवाज टिपणाऱ्या भागाला, तर वाफेची झळही नको. आतली तांब्याची तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाड असते, केसाएवढी. एका ठिकाणी खाल्ली गेली की पिकअप बंद. त्याचं धातूचं कव्हर जुनं करायचंच असेल तर सुटं नवं कव्हर आणून ते करा, मग बसवा.

स्क्रू विसरू नका. ब्रिज मंद, प्लेट मंद आणि त्यात सहा चकचकीत स्क्रू, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता गिटार हातात घेतली की नजर आधी तिथे जाते. फक्त सॅडलची उंची बदलणाऱ्या बारीक स्क्रूंच्या आट्यांना तेल लावून ठेवा, ते जाम झाले तर पुढचा सेटअप, म्हणजे तारांची उंची जुळवणं, अशक्य.

कधी गिटार विकायची वेळ आली तर हार्डवेअर हाताने जुनं केलंय हे घेणाऱ्याला स्वतःहून सांगा आणि मूळ नवे पार्ट असतील तर तेही बरोबर द्या.

शेवटी, तुम्ही वर्सोव्याला राहता असं लिहिलंय. म्हणजे तुमचं अर्धं काम समुद्र फुकट करून देईल. जुलैत इथली हवा इतकी दमट आणि खारी असते की उघडं निकेल महिन्याभरात स्वतःहून मंद पडायला लागतं, आणि तो रंग कुठल्याही डब्यातल्या रंगापेक्षा सरस असतो. तर आत्ता फक्त कडा मोडा, व्हिनेगरच्या वाफेवर एक दिवस ठेवा, सोड्याने धुवा आणि तेल न लावता पार्ट खिडकीत, पावसाची सर येणार नाही असे, जाळीच्या आत ठेवून द्या. आठवड्यातून एकदा हातात घेऊन नुसते खेळवा, हाताचा घाम लागू द्या. गणपतीपर्यंत रोज खिडकी उघडी ठेवा, मग तेलाचा हात फिरवून बसवा.