२०१२ची स्विफ्ट पेट्रोल, गॅरेजने हाफ इंजिनचे ७५ हजार सांगितलेत. काम करावं की गाडी विकावी?

तुम्ही दिलेली माहिती अशी: गाडी १ लाख ४० हजार किमी चालली आहे, हायवेवर गरम होऊन बंद पडली, आता चालू होते पण थडथडते, पाणी कमी होतं, आणि हेड (सिलिंडरच्या वर बसणारा इंजिनाचा भाग) न उघडताच हाफ इंजिन, म्हणजे इंजिन उघडून आतले झिजलेले भाग बदलायचं काम, सांगितलं गेलं. धडधाकट असती तर गाडीचे पावणेदोन लाख आले असते. एवढ्यावरून करा किंवा विका असं सांगता येत नाही. हेड न उतरवता सांगितलेला आकडा अंदाजाचा असतो, आणि मिस्त्री अंदाज अनेकदा स्वतःच्या सोयीने धरतो.

आधी गाडी चालू करणं बंद करा. तुमच्या लक्षणांवरून हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि त्याखालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, संशय येतो. ते उडालेलं असताना प्रत्येक स्टार्टला पाणी ऑइलमध्ये जाऊ शकतं आणि मग बेअरिंगही जातात. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर गाडी टो करूनच न्या.

मग या तपासण्या करून घ्या, याच क्रमाने. सगळे स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय येतं, पण नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर बहुतेक त्यांच्यामधलं गॅस्केट जळलंय. एकच कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वर गेला तर पिस्टनची रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. कूलंटमध्ये जळलेला वायू येतोय का हे तपासायचं निळं द्रावण मिळतं. ते पिवळं पडलं तर वायू येतोय यात शंकाच नको.

यानंतर फक्त हेड उतरवण्याची आणि तपासणीची मजुरी ठरवा, आणि 'हेड उघडल्यावर मला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही' हे जॉबकार्डवर लिहून घ्या. उघडल्यावर स्वतः जाऊन बघा. हेडवर स्ट्रेट एज (सरळ पट्टी) ठेवून खालच्या फटीत फिलर गेज (पातळ मापपट्ट्या) घालतात, साधारण ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट करणं, लागतं. फेसिंगला किती वाव आहे हे मशीन शॉपला विचारा, आणि हेडला तडा आहे का यासाठी त्यांच्याकडूनच प्रेशर टेस्ट करून घ्या. अॅल्युमिनियमचं हेड गरम झालं की आधी तेच वाकतं, त्यामुळे तुमच्या गाडीत काम इथेच संपण्याची बरीच शक्यता आहे. बोअरमध्ये होनिंगच्या (मूळ घासकामाच्या) तिरप्या रेघा अजून दिसत असतील तर खालच्या भागाला, म्हणजे पिस्टन आणि क्रँकला, हात लावू देऊ नका. उभे ओरखडे नखाला अडकत असतील तर मात्र रिंग बदलून भागत नाही. ओव्हरसाइज पिस्टन मिळतात का आणि बोअरिंग (बोअर कापून मोठा करणं) होतंय का हे पार्टवाल्याला आधी विचारा, नाहीतर ब्लॉक उघडा पडून राहतो. ऑइल दुधाळ झालं असेल तर चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) काढून एक कनेक्टिंग रॉड बेअरिंग बघा. वरचा थर जाऊन तांबं दिसू लागलं असेल तर बेअरिंग बदलावीच लागतात आणि क्रँक मोजावा लागतो.

हेडपुरतं काम निघालं तर करून टाका, विचार करत बसू नका. नवे हेड बोल्ट, व्हॉल्व्ह लॅपिंग, गाइड सील, टायमिंग चेन, टेन्शनर हे त्याच वेळी; चेन नाहीतरी उतरणारच आहे. आणि गाडी गरम का झाली ते शोधल्याशिवाय इंजिन परत जोडू देऊ नका: थर्मोस्टॅट, वॉटर पंप, फॅनची रिले, रेडिएटरचं झाकण. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी भरलं असेल तर रेडिएटर आतून क्षाराने भरलेला असणार. हे सोडलं तर नवं गॅस्केटही उडतं.

खालचाही भाग गेला असेल तरच ७५ हजारांचा प्रश्न उभा राहतो. 'हाफ इंजिन'मध्ये काय काय येतं हे गॅरेजगणिक बदलतं, म्हणून पार्ट, मजुरी आणि मशीन शॉप वेगवेगळं लिहून मागा, जुने पार्ट परत घ्या, वॉरंटी बिलावर. मग हिशेब असा: आहे त्या स्थितीत दोन-तीन ठिकाणी किंमत विचारा. दुरुस्तीनंतरची किंमत आणि ही किंमत यांतला फरक खर्चापेक्षा कमी असेल, तर विकण्यासाठी दुरुस्ती करणं तोट्याचं. स्वतः आणखी तीन-चार वर्षं वापरणार असाल, बॉडी, सस्पेन्शन, गिअरबॉक्स ठीक असतील, तर करणं परवडतं. आरसीची तारीखही बघा. तुमच्या गाडीची १५ वर्षं २०२७मध्ये भरतात; तेव्हा फिटनेस, नूतनीकरणाची फी आणि वर पर्यावरण कर आहे.

मुंबईतल्या कुर्ल्याहून किंवा पुण्यातल्या नाना पेठेतून, जुन्या पार्टच्या बाजारातून, जुनं इंजिन आणून बसवायचा सल्ला मिळेलच. स्वस्त पडतं, पण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि आरसीवरही. बिल, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत आणि आरटीओत नोंद याशिवाय बसवलं तर पुढचा खरेदीदार आणि विमा कंपनी दोघेही अडवतात. नुसतं जुनं हेड आणलं तर ही भानगड नाही, फक्त बसवण्याआधी त्याचीही प्रेशर टेस्ट करून घ्या.