ब्रिटनमधील ऑनलाइन जुगार कंपनीत डेव्हलपर म्हणून नोकरी स्वीकारावी का?

केवळ तांत्रिक अनुभवाचा विचार केला, तर हे काम खरोखर कसदार आहे. एकाच वेळी असंख्य खेळाडू पैसे लावत असताना प्रत्येक व्यवहार नेमका एकदाच नोंदवणे, सामना चालू असताना पैजेचे भाव सतत बदलणे आणि यादृच्छिक अंक देणारी प्रणाली स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासून घेणे, या कामांना बँकेतल्यासारखाच काटेकोरपणा लागतो.

मात्र येथे कायदा थेट तुमच्या कोडमध्ये उतरतो. तेथील जुगारावर नियंत्रण ठेवणाऱ्या गॅम्बलिंग कमिशनने ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉट खेळांत (फिरत्या चक्रांवरची चित्रे जुळवण्याच्या खेळांत) प्रत्येक डाव किमान २.५ सेकंदांचा असणे बंधनकारक केले, आपोआप खेळत राहण्याची सोय बंद केली आणि लावलेल्या रकमेइतकीच किंवा त्याहून कमी रक्कम परत आल्यास जिंकल्याचा आवाज व रोषणाई करण्यास मनाई केली. हे शेवटचे बंधन मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण एक पौंड लावून चाळीस पेन्स परत मिळालेल्या माणसाला आपण जिंकलो असे वाटायला लावणारा कोड आपल्यासारख्याच कोणा डेव्हलपरने लिहिलेला असतो.

म्हणून मुलाखतीत स्पष्ट विचारा की, गॅमस्टॉपवर, म्हणजे ऑनलाइन जुगारापासून स्वतःला दूर ठेवण्यासाठीच्या ब्रिटनमधील नोंदणी सेवेवर, स्वतःहून बंदी नोंदवलेल्या खेळाडूला प्रणाली कोठे अडवते आणि नव्या रचनेचे यश कोणत्या आकड्यावर मोजले जाते. उत्तर केवळ खेळाडूने घालवलेल्या वेळेचे आले, तर मी ती नोकरी घेणार नाही. काम भारतात बसून करणार असाल, तर २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याबाबत आधी वकिलाचा सल्ला घ्या.