गावातील इंटरनेट केंद्रात सेवाभाव आणि महिन्याचा खर्च यांचा मेळ कसा घालावा?

महिला बचत गटामार्फत ग्रामपंचायतीच्या खोलीत इंटरनेट केंद्र सुरू करून गरजूंना विनामूल्य सेवा द्यायची आणि तरीही ते पुढे अनुदानावाचून चालावे, हे शक्य आहे का, असे आपण विचारले आहे. आमच्या तालुक्यातील अशाच एका केंद्राचे हिशेब मी पाहतो, म्हणून हे उत्तर लिहीत आहे. शक्य आहे, मात्र ‘विनामूल्य’ म्हटलेल्या प्रत्येक कामाचे पैसे प्रत्यक्षात कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरले नाही, तर पैसे अखेर गरजूच्याच खिशातून जातात, फक्त पावतीशिवाय.

एक रुपयातील पीक विमा आठवून पाहा. खरीप 2023 पासून शेतकऱ्याने केवळ 1 रुपया भरायचा आणि केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे 40 रुपये विमा कंपनीकडून मिळायचे, अशी व्यवस्था राज्यात होती. कागदावर ती चोख होती. पण सातबारा आणि आठ-अ काढायचा, पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र भरून घ्यायचे, पासबुकची झेरॉक्स जोडायची आणि अर्ज चढवताना सर्व्हर डाऊन झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हे सारे त्या 40 रुपयांत बसवायचे होते. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांकडून जास्तीचे पैसे घेतल्याच्या तक्रारी झाल्या, काही चालकांचे आयडी बंद झाले, बोगस अर्जही उघडकीस आले, आणि 2025 च्या खरिपापासून एक रुपयाची सवलतच गेली. यात चालकांची लबाडी होतीच, परंतु मोबदला कामाच्या मानाने ठरवला नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

दुसरी अडचण बाहेरून दिसत नाही. अंगठा लावून खात्यातून पैसे काढण्याच्या सेवेत कमिशन मिळते ते व्यवहार पूर्ण झाल्यावर. ऊसतोड, वीटभट्टीचे काम किंवा शेतमजुरी करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा अंगठा यंत्र घेत नाही. मग हात धुऊन, कोरडे करून, दुसरे बोट लावून पाहायचे आणि तरीही जमले नाही तर त्या आजींना बँकेच्या शाखेत पाठवायचे. यात वेळ गेला, कमिशन शून्य. नोकरदार माणूस मात्र क्षणात काम उरकून जातो. म्हणजे ज्यांच्यासाठी केंद्र उघडले, त्यांच्यावर घालवलेला वेळच हिशेबात कुठे उमटत नाही. म्हणून आम्ही वहीत ‘न झालेली कामे’ असा वेगळा रकाना ठेवला आणि तो दाखवून ग्रामपंचायतीकडून दरमहा ठरावीक रक्कम मागितली. तो रकाना नसता तर मागण्यास आधारच नव्हता.

जुनी दोन उदाहरणेही पाहण्यासारखी आहेत. पुदुच्चेरीजवळच्या गावांत कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या संशोधन प्रतिष्ठानने 1998 मध्ये माहिती केंद्रे काढली. वीरमपट्टिणम या मच्छीमार गावात लाटांच्या उंचीचा अंदाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवला जाई, त्यामुळे तो ऐकायला कोणाला केंद्रात येऊन पैसे मोजावे लागत नसत. सेवा उत्तम होती; तिचा भार संस्थेने पेलला. त्याच वर्षी कोल्हापूर-सांगलीतील सुमारे 70 गावांसाठी वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात गावोगावी संगणक केंद्रे काढण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेतमालाचे भाव, शिक्षण, सरकारी माहिती अशी मोठी यादी होती. टिकून राहिले ते मुख्यतः उसाच्या नोंदी, वजन आणि खतांचे काम, कारण त्याची गरज खुद्द साखर कारखान्याला होती. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासगटाने हेच पाहिले आणि काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल व एसएमएस वापरून तेच काम करून दाखवले. वारणेचे मला पटलेले सार असे, की आपल्या गावात दूध संस्था, विकास सोसायटी किंवा शाळा यांपैकी कोणाला नियमित नोंदींचे काम हवे आहे, ते आधी शोधावे आणि त्यांच्याकडून महिन्याचे पैसे ठरवून घ्यावेत. दाखल्यांच्या फीवर अवलंबून राहू नये.

दाखल्यांचे उत्पन्न हंगामी असते. जूनमध्ये प्रवेशासाठी उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, जुलैत पीक विमा, मग दिवाळीनंतर शुकशुकाट. समजा केंद्राचा महिन्याचा खर्च, चालक ताईंच्या मानधनासह, 15,000 रुपये असेल, तर जूनमधील 30,000 रुपये म्हणजे नफा नव्हे; त्यातले निम्मे पुढच्या रिकाम्या महिन्याचे आहेत. गटाच्या बैठकीत ते वाटून टाकण्याचा मोह होतो, आणि तो आवरण्यासाठी वेगळे खाते काढलेले बरे. खात्यातून काढलेले पैसे लोकांना द्यायला हातात रोख आणि अर्जांची फी भरायला पोर्टलच्या वॉलेटमध्ये (आगाऊ पैसे भरलेल्या ऑनलाइन खात्यात) शिल्लक, दोन्ही लागतात. हे खेळते भांडवल गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतल्यास खासगी सावकाराकडे जावे लागत नाही.

दर मात्र लपवू नयेत. शासनाची फी वेगळी, झेरॉक्स-प्रिंट वेगळे, असा फलक दारावर लावावा आणि विधवा, दिव्यांग व भूमिहीन मजूर यांना झेरॉक्स-प्रिंटमध्ये जी सूट द्यायची, ती ग्रामसभेच्या ठरावाने ठरवावी. ठरावात त्या सवलतीची रक्कम कोणत्या निधीतून भरून द्यायची, हेही लिहून घ्यावे. चालक ताईंनी ओळखीपाळखीवर सूट देऊ नये. त्यांनाच त्याचा त्रास होतो. पहिल्या वर्षी दुसरा संगणक घेऊ नका. इन्व्हर्टर आणि चांगला प्रिंटर घ्या, कारण जूनच्या गर्दीत वीज गेली की लोक थेट तालुक्याला निघून जातात.