भाऊ म्हणतो 'गुन्हा कबूल करून टाकतो'... थांबवा त्याला!

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातली. मागच्या वर्षी बांधावरून भावकीत भांडण झालं, माझ्या धाकट्या भावाने (वय 24) रागात चुलत्याच्या मुलाला लोखंडी पाइप मारला, डोक्याला टाके पडले. केस भारतीय न्याय संहितेच्या कलम 118(1) ची (घातक हत्याराने दुखापत) लागलीय, भाऊ जामिनावर आहे. चुलते आता निवळलेत, दवाखान्याचा खर्च द्या म्हणतात. वकील म्हणतात प्ली बार्गेनिंग करू. भाऊ म्हणतो ते कशाला, पुढच्या तारखेला जजसमोर सरळ गुन्हा कबूल करतो, विषय संपला. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. काय करावं?

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे भावाला तारखेला असं काही बोलू देऊ नका. नुसतं 'गुन्हा कबूल आहे' म्हणणं वेगळं आणि प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुलीच्या बदल्यात शिक्षा आणि भरपाई आपसात ठरवून घेणं, वेगळं. नुसती कबुली दिली तर जज त्या कलमात बसेल ती शिक्षा देऊ शकतात, 118(1) ला ती 3 वर्षांपर्यंत जाते, किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सवलत वगैरे काही हक्काने मिळत नाही.

प्ली बार्गेनिंग आपल्याकडे 2006 पासून आहे, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 289 ते 300 मध्ये आलंय. अमेरिकन सिरीयलमध्ये दाखवतात तसं सरकारी वकील मोठं कलम काढून छोटं लावतो, तसलं इथे नसतं हं, कलम तेच राहतं, सौदा होतो तो शिक्षेचा आणि नुकसानभरपाईचा.

पण आधी तुमची केस त्यात बसते का ते बघा. 7 वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचं कलम असेल तर नाही. बाई किंवा लहान मुलाविरुद्धचा गुन्हा असेल तरी नाही, आणि भावकीच्या भांडणात हेच नडतं, कारण सोडवायला मधे आलेल्या चुलतीलाही लागलेलं असतं आणि ते फिर्यादीत लिहिलेलं असतं. त्यामुळे चार्जशीटची कॉपी घेऊन जखमींची नावं स्वतः वाचा. मेडिकल सर्टिफिकेटपण बघा, पाइपने मारून हाड मोडलंय असं त्यात असेल तर 118(2), म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत, लागू शकतं आणि त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, मग हा रस्ताच बंद.

बसत असेल तर चार्ज फ्रेम झाल्यापासून (कोर्टाने आरोप निश्चित केल्यापासून) 30 दिवसांच्या आत अर्ज द्यायचा, सोबत भावाचं अॅफिडेव्हिट की मी हे स्वखुशीने करतोय आणि याच गुन्ह्यात आधी मला शिक्षा झालेली नाही. ही 30 दिवसांची अट नवीन आहे, जुन्या जाणत्या वकिलांच्याही कधीकधी लक्षात राहत नाही, तुम्ही आठवण करा. मग जज भावाला एकट्याला, समोरची पार्टी नसताना विचारतात की कुणाच्या दबावाखाली तर करत नाहीस ना. त्यानंतर सरकारी वकील, तपास अधिकारी, जखमी आणि भाऊ (त्याचा वकील सोबत चालतो) यांनी बसून 60 दिवसांत तोडगा काढायचा. चुलत्यांना द्यायचा दवाखान्याचा खर्च या तोडग्यातच लिहून घ्या, ओट्यावर बसून हातात पैसे देऊ नका, उद्या कोण काय म्हणेल सांगता येत नाही.

शिक्षेचं म्हणाल तर आधी प्रोबेशनचा विचार होतो, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडणं. ते नाही झालं तर पहिलाच गुन्हा असलेल्याला कलमातल्या शिक्षेच्या एक षष्ठांश, म्हणजे 3 वर्षांचे 6 महिने. आधी आत काढलेले दिवस त्यातून वजा होतात. तोडगा फिसकटला तर केस नेहमीसारखी चालते आणि अर्जात दिलेली कबुली भावाविरुद्ध वापरता येत नाही. निकाल लागला की मात्र अपील नाही, फक्त हायकोर्टात रिट याचिका किंवा सुप्रीम कोर्टात एसएलपी (विशेष परवानगी याचिका).

आता खरी गोम. हे सगळं झालं तरी भाऊ कागदावर *दोषी* असतो. प्रोबेशन मिळालं तर कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही, पण भरतीचा फॉर्म भरताना ही केस लिहावीच लागते, आणि पोलीस खातं चारित्र्य पडताळणीत तिचा विचार करू शकतं. लपवलं तर आणखी वाईट, लागलेली नोकरीसुद्धा जाते.

म्हणून माझं मत, चुलते खरंच निवळले असतील तर प्ली बार्गेनिंगच्या आधी दोघांच्या संमतीने हायकोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली केस रद्द करायचा अर्ज करा. 118(1) तालुक्याच्या कोर्टात आपसात मिटवता येत नाही म्हणून वर जावं लागतं, पण सोलापूर जिल्ह्याला आता ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे, मुंबईच्या चकरा नकोत. केस रद्द झाली तर दोषी हा शिक्काच बसत नाही. तिथे खर्च जास्त येतो हे खरंय, पण चोविसाव्या वर्षी तो केलेला परवडतो. फक्त तिकडे अर्ज आहे म्हणून इकडचे 30 दिवस हातचे घालवू नका, वकिलांना दोन्ही तारखा डायरीत लिहायला सांगा. फीची अडचण असेल तर 15100 या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करून मोफत वकिलाचं विचारा.

प्रश्न : माझ्यावर चेक बाउन्सची केस आहे, पैसे भरायला तयार आहे. प्ली बार्गेनिंग करू का?

उत्तर : अजिबात नको. चेक बाउन्सची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 ची केस आपसात मिटवता येते आणि मिटली की तुम्ही निर्दोष सुटता, मग उगाच दोषी कशाला व्हायचं? समोरच्याशी बोला, कोर्टात तडजोड लिहून द्या, लोकअदालतीतही होतं. लांबवू नका एवढंच, उशिरा मिटवलं की कोर्ट चेकच्या रकमेच्या काही टक्के वेगळे भरायला लावू शकतं.